मदत हवी आहे: आईची लघवी थांबत नाही, आता शौचाचेही डाग

आई ६८ वर्षांची, साताऱ्याला असते. दीड वर्षापासून लघवीची घाई लागली की बाथरूमपर्यंत पोचेपर्यंत कपडे ओले. रात्री चार वेळा उठते. खोकताना-शिंकताना मात्र गळत नाही.

मधुमेह नाही. बीपीची गोळी चालू आहे, बीपी १४०/८५ च्या आसपास. लघवीची तपासणी आणि कल्चर नॉर्मल. सोनोग्राफीत लघवी केल्यावर ३० मिली उरलेली, म्हणजे तुंबत नाहीये. संध्याकाळचा चहा बंद केला. केगलचे व्यायाम (लघवी रोखणारे ओटीपोटाचे स्नायू आवळायचे) दोन महिने केले, पण ती नेमके तेच स्नायू आवळते की पोट, हे आम्हाला कळत नाही.

युरॉलॉजिस्टनी सॉलिफेनासिन ५ मिग्रॅ दिली. घाई निम्म्यावर आली, पण तोंड कोरडं आणि बद्धकोष्ठता. आता तीन-तीन दिवस पोट साफ होत नाही आणि मधेच पातळ शौच नकळत कपड्याला लागतं. घरचे जुलाब समजून इसबगोल बंद करा म्हणतात. मला वाटतं, कडक मळ अडकलाय आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतंय. (हे डॉक्टरांना सांगायचीच तिला लाज वाटते, पुढच्या वेळी मी सोबत जाणार.)

गोळी मनाने बंद केलेली नाही. पुण्यापर्यंत नेऊ शकतो, त्यापुढे प्रवास अवघड.

सॉलिफेनासिनवरून मिराबेग्रॉनवर (लघवीच्या घाईवरचीच दुसरी गोळी) गेलेलं कुणी आहे का, बीपी असताना ती चालली का? आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम समोर बसवून शिकवणाऱ्या महिला फिजिओथेरपिस्ट सातारा-पुण्यात कुठे भेटतील?