बारा वर्षांच्या मुलाची एसीएल शस्त्रक्रिया: आत्ता करावी की उंची वाढणे थांबेपर्यंत वाट पाहावी?

खामल्याचा_पालक

नमस्कार. माझा मुलगा १२ वर्षे ८ महिन्यांचा असून शाळेच्या कबड्डी संघात चढाई करतो. पाच आठवड्यांपूर्वी सरावात बोनस रेषेजवळून वळताना त्याचा पाय मॅटवर रोवलेलाच राहिला आणि अंग मात्र फिरले. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाल्याचे तो सांगतो, आणि मैदानावरून घरी आणेपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला होता. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारे लिगामेंट (पट्टा), पूर्ण तुटल्याचे आणि आतल्या बाजूच्या मेनिस्कसला, म्हणजे गादीला, मागच्या भागात चीर गेल्याचे लिहिले आहे.

शहरात दोन ठिकाणी दाखवले. पहिल्या ठिकाणी सांगितले की वाढत्या वयात गुडघ्यात ड्रिल केल्यास पाय आखूड राहतो, म्हणून सोळाव्या वर्षापर्यंत पट्टा बांधून थांबा. दुसऱ्या ठिकाणी पुढच्याच आठवड्यात मोठ्या माणसासारखी शस्त्रक्रिया करून टाकू म्हणाले. वाढीचा विषय काढला तेव्हा ‘ते आमच्यावर सोडा’ एवढेच उत्तर मिळाले. विशेष म्हणजे दोन्ही ठिकाणी मुलाची उंची कोणीही मोजली नाही. आता सूज उतरली आहे आणि तो नीट चालतो, परंतु आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, इमारतीला लिफ्ट नाही, आणि जिना उतरताना दोनदा त्याचा गुडघा निसटला. यातून गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त_अस्थिरोगतज्ज्ञ

मी नागपुरात धंतोलीत बरीच वर्षे व्यवसाय केला, आता शस्त्रक्रिया करीत नाही. तपासल्याशिवाय निर्णय देता येत नाही, परंतु हा निर्णय कशावर ठरतो ते सांगतो.

तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला आणि नडगीच्या वरच्या टोकाला वाढीच्या कूर्चेचा एकेक पातळ थर असतो, त्यालाच ग्रोथ प्लेट म्हणतात. पायाची निम्म्याहून अधिक लांबी या दोन थरांतून मिळते: मांडीच्या हाडाकडून वर्षाला साधारण ९ ते १० मिलिमीटर आणि नडगीकडून सुमारे ६. नेहमीच्या शस्त्रक्रियेत नव्या लिगामेंटसाठी हाडात जे बोगदे पाडतात ते नेमके याच थरांतून जातात. अशा बोगद्यात हाडाचा तुकडा किंवा स्क्रू अडकून राहिला, तर थराच्या दोन्ही बाजू तेथे हाडाने सांधल्या जातात आणि त्या जागी वाढ थांबते. थराची आतली किंवा बाहेरची एकच बाजू थांबली आणि दुसरी वाढत राहिली, तर पाय आखूड होण्यापेक्षा वाकडा होण्याची भीती अधिक असते. म्हणजे पहिल्या डॉक्टरांची भीती खोटी नाही.

परंतु त्या भीतीवर उपाय निघून बरीच वर्षे झाली. वाढ पुष्कळ शिल्लक असेल तर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या इलिओटिबियल पट्ट्याची एक लांब चिंधी काढून ती मांडीच्या हाडाच्या मागून सांध्यात आणतात आणि पुढे नडगीच्या आवरणाला शिवतात, हाडात एकही बोगदा न पाडता. बॉस्टनचे सर्जन मायकेली आणि कोचर यांच्यामुळे ही पद्धत रूढ झाली. दुसऱ्या पद्धतीत बोगदे पाडतात, पण ते वाढीच्या थराला न ओलांडता सांध्याकडच्या टोकातच ठेवतात. त्यासाठी शस्त्रक्रिया चालू असताना वारंवार क्ष-किरणाने खात्री करावी लागते. वाढ संपत आली असेल तर थरातून बोगदा पाडणेही चालते, परंतु तो अरुंद, मध्यभागी आणि शक्य तितका उभा असावा, त्यात हॅमस्ट्रिंगसारखा, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीसारख्या टोकाचा, मऊ ग्राफ्ट (तुटलेल्या लिगामेंटच्या जागी बसवायचा तुकडा) असावा, आणि कोणताही स्क्रू थराला ओलांडून जाऊ नये. वाटीखालच्या पट्ट्याचा हाडाच्या तुकड्यांसह काढलेला ग्राफ्ट मोठ्या माणसांत उत्तम असला, तरी उघड्या थरातून तो घालू नये.

यांपैकी कोणती पद्धत, हे जन्मतारखेवरून ठरत नाही. डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक साधा एक्स-रे काढून हाडाचे वय, म्हणजे हाडांची वाढ कुठवर आली आहे, ते ठरवतात, आणि तो काढल्याशिवाय कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल तर तारीख घेऊ नका. मुलांची ही वाढ हाडाच्या वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास आणि मुलींची चौदाच्या आसपास संपते. गेल्या वर्षभरात उंची किती वाढली हेही तितकेच उपयोगाचे असते, म्हणून घरात कोठे नोंद असेल तर शोधून ठेवा.

थांबण्याविषयी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१८ साली मुलांच्या एसीएलवर एकत्रित मत प्रसिद्ध केले. त्यांच्या मते केवळ एसीएल तुटले असेल आणि गुडघा निसटत नसेल, तर नीट व्यायाम करून शस्त्रक्रियेविना राहणे हा मान्य मार्ग आहे. मात्र शिवता येण्याजोगी गादी फाटली असेल किंवा व्यायाम करूनही गुडघा वारंवार निसटत असेल, तर शस्त्रक्रिया करावी. तुमच्या मुलाची गादी चिरलेली आहे आणि गुडघाही निसटतो आहे. तो निसटतो तेव्हा दर वेळी गादी हाडांमध्ये चेपली जाते. शिवता येणारी चीर वर्षभरात कापून काढावी लागेल अशी होऊ शकते, आणि काढलेली गादी पुन्हा येत नाही. गुडघा एकाएकी अडकला आणि सरळ होईनासा झाला, तर मात्र एक दिवसही थांबू नका.

मानेवाड्याची_आई

डॉक्टरसाहेबांनी गादीबद्दल जे लिहिले ते आमच्या घरात घडले आहे. माझ्या मुलीचे एसीएल फुटबॉल खेळताना तेराव्या वर्षी तुटले, तेव्हा एमआरआयमध्ये गादी शाबूत होती. आम्हालाही ‘वय लहान आहे, थांबा’ असेच सांगितले गेले. थांबण्याला माझी हरकत नव्हती. पण थांबायचे म्हणजे रोज व्यायाम करायचा आणि वळण्या-उड्यांचे खेळ बंद ठेवायचे, हे कोणीही सांगितले नाही आणि आम्हालाही विचारावेसे वाटले नाही. अकरा महिन्यांनी शाळेच्या पायरीवर ती घसरली, आतली गादी फाटली, आणि शस्त्रक्रियेत तिचा काही भाग काढावाच लागला.

नंतर ज्या सर्जनकडे गेलो त्यांनी पहिला प्रश्न मासिक पाळी कधी सुरू झाली हा विचारला. मला तो प्रश्न गैरलागू वाटला होता. पाळी सुरू झाल्यावर साधारण दोन वर्षांत मुलींची उंची जवळपास पूर्ण होते, आणि तिची पाळी बाराव्या वर्षीच सुरू झाली होती. म्हणजे ‘लहान आहे’ म्हणून आम्ही ज्या वाढीसाठी थांबलो होतो, ती बरीचशी आधीच होऊन गेली होती. हाडाचे वय पाहून हॅमस्ट्रिंगच्या ग्राफ्टने शस्त्रक्रिया झाली. आज दोन वर्षांनी दोन्ही पाय सरळ आणि सारख्या लांबीचे आहेत. ती खेळायला लागली आहे, परंतु काढलेल्या गादीचा विचार मनातून जात नाही.

व्यायामोपचार_नागपूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत रोज एवढे करावे: टॉवेलची घट्ट गुंडाळी टाचेखाली ठेवून गुडघा पलंगाकडे दाबावा, पाचपर्यंत मोजावे आणि सोडावे. गुडघा पूर्ण सरळ होणे ही पहिली अट आहे, कारण आखडलेल्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली तर तो नंतरही आखडूनच राहण्याचा धोका असतो. मांडीचा पुढचा स्नायू पाच आठवड्यांत किती उतरला, हे दोन्ही मांड्या टेपने मोजलात तर तुम्हालाच दिसेल.

गादी शिवली गेल्यास काही आठवडे कुबड्या लागतील आणि काही महिने उकिडवे बसता येणार नाही. घरात खाली बसायचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आधीच आणून ठेवा. आपल्याकडच्या उन्हात ब्रेसखाली (गुडघ्याच्या पट्ट्याखाली) घामोळे येते, तेव्हा आत पातळ सुती मोजा घालावा.

मुले तीन महिन्यांत धावू लागतात आणि पालकांना वाटते की झाले. तसे नाही. ग्राफ्ट आतून मुरायला वर्ष लागते आणि लहान वयात तो पुन्हा तुटण्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा जास्त आहे. नऊ महिन्यांच्या आत कबड्डीचे नाव काढू नये आणि या वयात वर्षभर थांबलेले अधिक चांगले. तेव्हाही केवळ दिवस मोजून न सोडता, मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या किमान ९० टक्के आली आहे का, हे मोजून मगच सोडावे. दुसऱ्या गुडघ्यालाही तितकाच व्यायाम द्या, कारण पुढची दुखापत कित्येकदा तिकडेच होते.

खामल्याचा_पालक

सर्वांचा आभारी आहे. उंचीची नोंद सापडली. माझी आई दर दिवाळीला नातवाला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभे करते आणि पेन्सिलीने रेघ ओढते. आधीच्या वर्षात तो चार सेंटीमीटर वाढला होता, या वर्षात सात. काल मुलांच्या गुडघ्याचे काम करणाऱ्या सर्जनना दाखवले. त्यांनी पंजाचा एक्स-रे काढला, हाडाचे वय साडेबारा निघाले, आणि चौकटीचा फोटो पाहून ते म्हणाले की वाढीचा वेगवान काळ नुकताच सुरू होतो आहे. त्यांच्या मते मांडीच्या हाडात वाढीच्या थराला न ओलांडता बोगदा पाडावा, नडगीत मध्यभागी अरुंद बोगदा पाडून हॅमस्ट्रिंग बसवावे, आणि त्याच वेळी गादी शिवावी. आमची तयारी आहे. सुट्ट्या लागल्यावर केली तर जूनअखेर शाळा उघडेपर्यंत कुबड्या सुटतील असा हिशेब आहे. दोन शंका उरल्या आहेत: नंतर किती काळ दाखवत राहावे, आणि तिसऱ्या मजल्याचे काय करावे?

निवृत्त_अस्थिरोगतज्ज्ञ

योजना मला पटते. साडेबारापासून सोळापर्यंत साडेतीन वर्षे धरली, तर त्याच्या गुडघ्याभोवती अजून सुमारे पाच सेंटीमीटर वाढ शिल्लक आहे, म्हणून मांडीच्या हाडाला जपणे योग्यच. सुट्ट्यांना अजून किती आठवडे आहेत ते मात्र सर्जनना स्पष्ट विचारा. चिरलेल्या गादीसाठी शाळेचे चार दिवस बुडाले तरी चालतील, आणि तोवर पळापळ पूर्ण बंद.

शस्त्रक्रियेनंतर साधारण दर सहा महिन्यांनी उभ्याने दोन्ही पायांचा कमरेपासून घोट्यापर्यंतचा लांब एक्स-रे काढावा आणि वाढ संपेपर्यंत हे सोडू नये. पाय एका बाजूला झुकू लागला तर वाढ शिल्लक असेपर्यंतच तो छोट्या शस्त्रक्रियेने सरळ करता येतो. आजींची रेघ आता दिवाळीसोबत अक्षय तृतीयेलाही ओढू द्या.

जिन्याचे असे: चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना कुबड्या आणि शस्त्रक्रियेचा पाय आधी खाली. एका हाताला कठडा असू द्या आणि उतरताना तुम्ही त्याच्या एक पायरी खाली, पुढे चाला. हे आताच, गुडघा बरा असताना, चार दिवस त्याच्याकडून करवून घ्या.