जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष, स्वीडिशमध्ये ‘लग्न झालेलं’. हा एकच शब्द आहे का?

जर्मन_शिकतेय
नमस्कार मंडळी. पुण्यात जर्मनचा क्लास लावलाय, गेल्या आठवड्यात शब्दांच्या यादीत ‘गिफ्ट’ आला आणि समोर अर्थ ‘विष’. मला वाटलं छपाईची चूक, कारण भेटवस्तूला ‘गेशेंक’ म्हणतात हे आम्ही आधीच शिकलो होतो, पण मॅडम म्हणाल्या बरोबर आहे, जर्मनीत बाटलीवर गिफ्ट लिहिलेलं दिसलं तर लांब राहायचं. मग रविवारी स्वीडनमधल्या मावसभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला आमच्याकडे फॉर्मवर ‘गिफ्ट’ आणि ‘ओगिफ्ट’ लिहिलेलं असतं, म्हणजे विवाहित आणि अविवाहित, आणि वर विषालाही गिफ्टच म्हणतात!! घरात लग्न म्हणजे विष वगैरे नेहमीचे विनोद झाले, पण मला खरंच उत्तर हवंय. भेट, विष आणि लग्न हे योगायोगाने सारखे दिसणारे वेगळे शब्द आहेत की एकच? आणि एकच असेल तर देण्याच्या वस्तूचं विष कसं काय झालं?

पोहे_आणि_पास्ता
माझ्या मते योगायोग असणार. इटालियनमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे लोणी आणि स्पॅनिशमध्ये ‘बुर्रो’ म्हणजे गाढव, त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. लोणी आलं ग्रीकमधून लॅटिनमार्गे, इंग्रजीतलं बटर त्याच घराण्यातलं, आणि गाढव आलं छोट्या घोड्यासाठी असलेल्या एका उत्तरकालीन लॅटिन शब्दातून. तसंच असेल हे.

शब्दांच्या_मुळाशी
बुर्रोचं अगदी बरोबर सांगितलंत, पण गिफ्टचं तसं नाहीये, तो एकच शब्द आहे. आणि ताई, तुम्ही विचारलेला प्रश्न माझा फार आवडता आहे त्यामुळे जरा लांबण लागेल.

जर्मन ‘गेबेन’, इंग्रजी ‘गिव्ह’, स्वीडिश ‘ये’ (लिहितात ‘गे’), सगळ्यांचा अर्थ देणे. त्यापासून झालेलं नाम म्हणजे गिफ्ट, जे दिलं ते. आता दिलं काय, यावर अर्थ ठरला. स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियनमध्ये मुलगी दिली, म्हणून गिफ्ट म्हणजे विवाहित. मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरजच नाही खरं तर, आपण आजही विचारतो की थोरली कुठे दिली, आणि उत्तर येतं साताऱ्याला दिली. नुसतं ‘दिली’, लग्नाचा शब्दसुद्धा नाही. पुढे तिकडे तो शब्द नवऱ्यालाही लागू झाला एवढंच.

जुन्या इंग्रजीतही हेच होतं. तिथे गिफ्ट म्हणजे वधूसाठी दिलेलं मूल्य, आणि त्याचं अनेकवचन म्हणजे चक्क लग्न. उच्चार होता ‘यिफ्त’च्या जवळचा, जो स्वीडिशमध्ये आजही ऐकू येतो. आज आपण इंग्रजीत जो ‘ग’ म्हणतो तो व्हायकिंग लोकांच्या भाषेतून परत आलेला आहे, आणि भेटवस्तू हा अर्थही त्याच वाटेने पक्का झाला.

आता विष. जुन्या जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे देणगीच होती, त्याची खूण ‘मिटगिफ्ट’ या शब्दात अजून शिल्लक आहे, मिटगिफ्ट म्हणजे मुलीसोबत दिलेला हुंडा, तिथे विषाचा वासही नाही. बदल झाला तो वैद्यांच्या भाषेमुळे. ग्रीकमध्ये ‘दोसिस’ म्हणजे देणं, आणि वैद्य तो शब्द औषधाच्या एका वेळच्या मात्रेसाठी वापरायचे, तोच लॅटिनमध्ये गेला आणि आपला ‘डोस’ही तोच. (हा दोसिस आणि आपलं संस्कृत दान एकाच धातूचे, हे आठवलं की मला दर वेळी आनंद होतो.) जर्मनांनी दोसिसचं भाषांतर आपल्या गिफ्टने केलं. म्हणजे देणं, मग औषधाची मात्रा, मग जी मात्रा जीव घेते ती. शेवटचा अर्थ इतका पसरला की आधीचे मागे पडले. स्वीडिशमधला विषाचा अर्थ मूळचा तिथला नाही, तो उत्तर जर्मनीतल्या बोलीतून मागाहून आला, म्हणून तिथे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

आणि विषाचं नाव थेट घ्यायचं नाही हा भागही त्यात आहे असं मला वाटतं. आपण बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतो, साप चावला न म्हणता पान लागलं म्हणतो. तसंच ‘त्याला काहीतरी दिलं’ एवढ्यावरच लोक समजून जातात.

पोहे_आणि_पास्ता
मान्य, माझा अंदाज चुकला. मिटगिफ्टचा पुरावा जबरदस्त आहे.

नेदरलँड्समधून
इथे डचमध्ये वाटणी झालीय. ‘खिफ्त’ (लिहायला गिफ्टच) म्हणजे देणगी, इन्कम टॅक्स भरताना संस्थांना दिलेल्या देणग्यांसाठी हाच शब्द येतो, आणि विष म्हणजे ‘खिफ’ किंवा ‘फरखिफ’, शेवटचा ट गळला. पण विषारी म्हणायचं झालं की ‘फरखिफ्तख’, तो ट परत हजर! मी नवीन असताना देणगीचं पत्र वाचून गोंधळले होते कारण त्याआधी दोन वर्षं जर्मनीत काढली होती.

कपाशीवाला_यवतमाळ
सर, मात्रेचं विष झालं हे वाचलं आणि आमच्याकडचंच आठवलं. आम्ही कपाशीवर फवारतो त्याला कोणी विष म्हणत नाही, औषधच म्हणतो, आज औषध मारायचं हाये, औषधाचा डबा लेकरांपासून दूर ठेव. आणि गावात कोणी औषध पिलं असं कानावर आलं की काय झालं ते सगळ्यांना समजते, पुढचं कोणी विचारत नाही. शब्द औषधाचा पण अर्थ त्याच्या उलटा. जर्मन लोकांचं झालं ते मला अजिबात परकं वाटलं नाही.

शब्दांच्या_मुळाशी
दादा, हे उदाहरण माझ्या डोक्यात यायला हवं होतं, ऐकत तर लहानपणापासून आलोय. ग्रीकमध्ये ‘फार्माकोन’ म्हणजे औषधही आणि विषही, फार्मसी त्याच्यातूनच आली. लॅटिनमध्ये ‘वेनेनुम’चंही तसंच, बहुधा आधी प्रेमासाठी द्यायचं पेय, व्हीनस देवीच्या नावाशी नातं असलेला शब्द, आणि नंतर विष. रोमन कायदेपंडित गायस याने तर लिहून ठेवलंय की वेनेनुम म्हणणाऱ्याने ते चांगलं की वाईट हे सांगायला हवं, कारण औषधंही वेनेनुमच. इंग्रजी ‘पॉयझन’ फ्रेंचमधून आला आणि तोही मुळात नुसतं ‘पेय’, पोशन त्याचाच भाऊ. फ्रान्सचे समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२४ साली गिफ्टच्या या दुहेरी अर्थावर एक छोटा लेखच लिहिला होता, त्यांचं म्हणणं असं की जुन्या जर्मन लोकांत भेट म्हणजे मुख्यतः पेय, आणि दुसऱ्याने दिलेल्या पेयाची धास्ती असतेच.

जर्मन_शिकतेय
सगळ्यांचे मनापासून आभार, मावसभावाला लिंक पाठवलीय. एकच राहिलं, मग ‘गेशेंक’ कुठून आला? गिफ्ट बिघडला म्हणून नवीन शब्द आणला का?

शब्दांच्या_मुळाशी
काही प्रमाणात तसं म्हणता येईल. गेशेंक आला ‘शेंकेन’वरून, त्याचा मूळ अर्थ पेल्यात ओतून देणे, पाहुण्याला प्यायला देणे. ‘आइनशेंकेन’ म्हणजे आजही ओतणेच, क्लासमध्ये येईल पुढे.

नेदरलँड्समधून
डचमध्ये ‘स्खेंकन’चे दोन्ही अर्थ चालतात, चहा ओतायचा तरी तेच आणि दान द्यायचं तरी तेच.