अपडेटनंतर स्केचची टूल्सच गायब, मदत हवी आहे (अर्जंट)

अर्धवट_वर्तुळ:
काल रात्री थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं अपडेट टाकलं आणि आता स्केचची टूल्सच दिसत नाहीयेत. रेघ नाही, वर्तुळ नाही, काही म्हणजे काही नाही. आधी सगळं वरच्या पट्टीत समोर असायचं. सगळे मेनू उघडून बघून झाले. मला फक्त एका ब्रॅकेटच्या चार भोकांचे स्लॉट (लांबट भोकं) करायचेत, पाच मिनिटांचं काम, त्यात अख्खी सकाळ गेली. कुठे ठेवलंय तेवढं सांगा कोणीतरी.

गुण्या_कोनमापक:
सॉफ्टवेअर कुठलं ते लिहा की आधी.

जुना_ड्राफ्ट्समन:
रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, बंद झाली असणार. कमांड लाईनवर रिबन टाइप करून एंटर मारा. तरी नाही आली तर मेनूबार टाइप करून १ द्या, जुने मेनू तरी वर येतील. ऑटोकॅडच्या २०१५ च्या व्हर्जनपासून क्लासिक वर्कस्पेस नाही, मी तेव्हा एकेक टूलबार हाताने लावून जुनी मांडणी परत उभी केली आणि आजही तीच चालवतो. काळी स्क्रीन, कमांड लाईन आणि आपण, बस.

अर्धवट_वर्तुळ:
ऑटोकॅड नाहीये हो. फ्रीकॅड, ते फुकटवालं.

गुण्या_कोनमापक:
व्हर्जन?

अर्धवट_वर्तुळ:
लेटेस्ट

गुण्या_कोनमापक:
लेटेस्ट म्हणजे काय ते आम्हाला इथून कसं दिसणार. हेल्पमध्ये अबाऊट उघडा, आकडा बघा. आधी कुठलं होतं तेही सांगा. आणि टूल्स दिसत नाहीत म्हणजे नक्की काय, बटणं राखाडी आहेत की मुळात नाहीतच?

अर्धवट_वर्तुळ:
आधी ०.१९ होतं, आता १.०. स्केचर वर्कबेंच (स्केच काढायचा विभाग) निवडलंय, नवीन स्केच, एडिट स्केच अशी चार-सहा बटणं दिसतात, त्यातली पण बरीचशी राखाडी. रेघ-वर्तुळवाली पट्टीच नाही. व्ह्यू मधल्या टूलबार्सच्या यादीत पण तिचं नाव नाही म्हणून तर डोकं फिरलंय.

स्क्रूला_आटे:
यूझर डॉट सीएफजी ही सेटिंग्जची फाइल उडवा. जुन्या व्हर्जनच्या सेटिंग्ज नव्यात घुसल्या की असंच होतं. फाइल डिलीट, प्रोग्रॅम परत चालू, प्रश्न संपला. मी दर अपडेटला हेच करतो.

त्रिज्या:
थांबा, काही उडवू नका!! त्या फाइलमध्ये तुमचे शॉर्टकट, रंग, युनिट्स, माउसची सवय सगळं असतं. करायचंच असेल तर नाव बदलून बाजूला ठेवा म्हणजे परत आणता येते. आणि त्याच्याही आधी हेल्पमधून सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करून बघा, तिथे कोऱ्या सेटिंग्जने चालतं, तुमच्या मूळ सेटिंग्जला हात लागत नाही. सेफ मोडमध्ये पण पट्टी नसेल तर सेटिंग्जचा दोष नाही हे तिथेच कळतं.

स्क्रूला_आटे:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला ताई, कोऱ्या पाटीवर दोन मिनिटांत होतं.

त्रिज्या:
तुमचं होत असेल. माझे शॉर्टकट लावायला मला एक रविवार लागला होता.

गुण्या_कोनमापक:
भांडू नका, आधी एक विचारतो. अर्धवट भाऊ, स्केच उघडलंय का? म्हणजे डावीकडच्या ट्रीमध्ये (मॉडेलच्या भागांच्या यादीत) स्केचवर एकदा क्लिक केलंय की डबल क्लिक?

अर्धवट_वर्तुळ:
एकदा. ते हिरवं होऊन सिलेक्ट झालंय. का?

गुण्या_कोनमापक:
मग बरोबर आहे, काही बिघडलेलं नाही. ०.१९ मध्ये स्केचर वर्कबेंच निवडलं की सगळी बटणं कायम दिसायची, उपयोग नसेल तेव्हा राखाडी होऊन पडून राहायची. आता रेघ, वर्तुळ, कन्स्ट्रेंट्स (रेघांना मापं आणि बंधनं घालणारी) या पट्ट्या स्केच एडिटमध्ये असतानाच येतात. बाहेर असलात की टूलबार्सच्या यादीत पण नाव येत नाही, म्हणून तिथे शोधून सापडणार नव्हतंच. डबल क्लिक करा, डावीकडे टास्कचं पॅनल उघडलं की आत आलात असं समजा.

काटकोन_९०:
आणि आत गेल्यावर सगळी बंधनं लागून स्केचच्या रेघा हिरव्या होईपर्यंत बाहेर येऊ नका. पूर्ण कन्स्ट्रेंट न केलेलं स्केच म्हणजे बिनपायाचं घर. लोक दोन रेघा ओढतात, पॅड मारतात (जाडी देतात), आणि नंतर एक माप बदललं की सगळं मॉडेल वाकडं. आरशासारखं असेल तर सिमेट्री लावा, मापं कमीत कमी द्या.

गुण्या_कोनमापक:
ते कोणी विचारलंय इथे?

अर्धवट_वर्तुळ:
डबल क्लिकने आलं!! पण अर्धंच. कन्स्ट्रेंट्सची पट्टी आली, रेघ आणि वर्तुळ पण आलं, स्लॉट अजून नाही. लॅपटॉपची स्क्रीन लहान आहे त्याने फरक पडतो का?

त्रिज्या:
पडतो, तेच असणार. पट्टीच्या उजव्या टोकाला दोन बारीक बाण आहेत का बघा, असे ». जागा पुरली नाही की उरलेली बटणं त्याच्यामागे जातात. बाण दाबा, नाहीतर पट्टीच्या डाव्या टोकाची ठिपक्यांची मूठ धरून तिला खालच्या ओळीत ओढा, सगळी बटणं मोकळी होतील. आणि जी पट्टी कधीच वापरत नाही ती पट्टीवरच्या रिकाम्या जागी राइट क्लिक करून यादीतून काढून टाका, जागा होते.

स्क्रूला_आटे:
बटणं शोधताच कशाला, कीबोर्ड वापरा. आधी जी मग एस, स्लॉट. जी एल रेघ, जी आर आयत, जी सी वर्तुळ. आकार काढायची ही टूल्स जी पासूनच सुरू होतात.

त्रिज्या:
हे मात्र खरं. (शॉर्टकट आवडतात पण ते ठेवलेली फाइल उडवायची, कमाल आहे.)

अर्धवट_वर्तुळ:
बाणामागेच होतं!!! स्लॉटच्या बटणाला खाली अजून एक छोटा बाण आहे, त्यात कमानीसारखा स्लॉट पण दिसतोय. मला सरळच हवाय. बरं आता अजून एक, आडवं माप, उभं माप, त्रिज्या अशी वेगवेगळी बटणं होती ती पण एकात कोंबलीत का?

गुण्या_कोनमापक:
हो, आता एकच डायमेन्शन टूल आहे. दोन बिंदू दिले तर अंतर, वर्तुळ दिलं तर त्रिज्या किंवा व्यास, आपण काय निवडतो त्यावरून ते ठरवतं. नको असेल तर प्रेफरन्सेसमध्ये स्केचरच्या जनरल टॅबवर एकच टूल, वेगवेगळी किंवा दोन्ही, असा पर्याय आहे. मी दोन्ही ठेवलंय, हाताला जुनीच सवय. बदल लगेच दिसला नाही तर एकदा बंद करून चालू करा.

जुना_ड्राफ्ट्समन:
ब्रॅकेट कशाचा आहे?

अर्धवट_वर्तुळ:
नेमा १७ मापाच्या स्टेपर मोटरचा. बेल्ट ताणायला मोटर सरकवता यावी म्हणून भोकांऐवजी स्लॉट.

जुना_ड्राफ्ट्समन:
म्हणजे ३१ बाय ३१ मिलीमीटरवर एम३ स्क्रूची (३ मिलीमीटर) भोकं. चारही स्लॉट एकाच दिशेला ठेवा आणि मधलं मोठं भोक पण तेवढंच लांबवा, तिथे मोटरचा २२ मिलीमीटरचा गोल उंचवटा असतो तो अडकेल नाहीतर. हे लोक विसरतात आणि मग कानशीने घासत बसतात.

अर्धवट_वर्तुळ:
अरे देवा, मधलं भोक गोलच ठेवलं होतं. थँक्यू काका.

काटकोन_९०:
चार स्लॉटना वेगवेगळी मापं देऊ नका, एकाला देऊन बाकीचे इक्वल (सारखं माप ठेवणाऱ्या) कन्स्ट्रेंटने बांधा.

नवीनच_आलोय:
धाग्यात घुसतोय सॉरी, पण १.० मध्ये सेव्ह केलेली फाइल मित्राच्या ०.१९ मध्ये उघडेल का?

त्रिज्या:
भरवसा धरू नका. उघडली तरी फीचर्स मोडलेली निघू शकतात. मित्राला स्टेप फाइल (बहुतेक सगळ्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी) काढून द्या, फक्त त्यात स्केच जात नाही, नुसता घन जातो. आणि अर्धवट, तुम्ही पण ती जुनी ब्रॅकेटची फाइल १.० मध्ये सेव्ह करण्याआधी एक कॉपी ठेवा.

अर्धवट_वर्तुळ:
सेव्ह करून झालं की हो...