‘युकी’ म्हणजे बर्फ, सुख की धैर्य?

प्रश्न : ओळखीतल्या एका मराठी जोडप्याला मुलीचं ‘युकी’ हे जपानी नाव ठेवायचंय. नेटवर अर्थ बघितला तर एकीकडे बर्फ, दुसरीकडे सुख, तिसरीकडे धैर्य. यातला खरा कुठला? आणि लाडाने ‘युकीचान’ म्हणतात, त्यातलं ‘चान’ म्हणजे काय?

उत्तर : पहिले दोन्ही खरे, तिसरा रोमन लिपीने घातलेला घोळ आहे. धैर्य म्हणजे ‘यूकी’, त्यात यू दीर्घ. रोमनमध्ये ती दीर्घता बहुतेक जण लिहीत नाहीत, म्हणून दोन वेगळी नावं एक होऊन बसतात. आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ हाताशी आहे, तर ते वापरावं.

उरले बर्फ आणि सुख. जपानी नाव नुसतं ऐकून त्याचा अर्थ सांगता येत नाही, ते कुठल्या कांजीत, म्हणजे चिनी वळणाच्या अर्थवाही चिन्हात, लिहिलंय हे बघावं लागतं. ‘युकी’ एका चिन्हात लिहिलं की बर्फ, दुसऱ्यात सुख. दोन चिन्हं जोडून लिहिलं तर आणखी निराळं. शिवाय नावांपुरते चिन्हांचे खास उच्चार असतात, त्यामुळे लेखी नाव बघून जपानी माणूससुद्धा ‘हे कसं वाचायचं?’ असं विचारतो आणि त्यात कोणाला वावगं वाटत नाही.

चिन्हं मात्र मनाला येतील ती चालत नाहीत. रोजच्या वापराची 2136 आणि नावांसाठी मंजूर केलेली 863, एवढ्यातूनच निवडायची (हिरागाना-काताकाना, म्हणजे नुसता उच्चार लिहायच्या लिप्या, चालतात). 1993 मध्ये तोक्योजवळच्या आकिशिमात एका बापाने मुलाचं नाव ‘आकुमा’, म्हणजे सैतान, असं नोंदवायला दिलं. दोन्ही चिन्हं यादीतली! नगरपालिकेने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी आईबापांनी दुसरं नाव ठेवलं. चिन्हांवर इतका पहारा, पण कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चार मात्र लिहीतच नसत. तो नोंदवायचा कायदा लागू झाला 26 मे 2025 ला.

ऐकून अर्थ लावला की कशी फसगत होते त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे बेसबॉलपटू इचिरो सुझुकी. ‘इचि’ म्हणजे एक, ‘रो’ म्हणजे मुलगा, म्हणून इचिरो हे थोरल्याचं नाव, असं पुस्तकं सांगतात. हा तर धाकटा! त्याच्या नावातला ‘रो’ मुलगा या अर्थाचा नाहीच, प्रसन्न-उजळ या अर्थाचं वेगळं चिन्ह आहे. जपानची राजकन्या आइको हिच्या नावात ‘आइ’ म्हणजे प्रेम आणि ‘को’ म्हणजे अपत्य. ते नाव प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस याच्या वचनावरून घेतलंय. (मराठी ‘आई’शी त्याचा काडीचा संबंध नाही, कोणी व्युत्पत्ती लावायला बसू नये.)

शंका : मग लाडाच्या नावात ही चिन्हं कुठे जातात?

उत्तर : जातात कुठे, गळून पडतात. लाडाचं नाव कानाचं असतं, कागदाचं नव्हे. मिचिकोची ‘मिच्चान’ झाली की तिच्या चिन्हांतलं सौंदर्य, शहाणपण वगैरे मागे राहतं.

नाव तोडण्याची रीत मात्र ठरलेली आहे, आणि ज्याने शाळेत लघु-गुरु मोजलेत त्याला ती लगेच कळेल. ‘चान’च्या आधी साधारणपणे दोन मात्रा हव्यात. मिचिकोची ‘मिचिचान’ होते, तिथे दोन लघु. ‘मीचान’ होते, तिथे एक दीर्घ. ‘मिच्चान’ होते, तिथे जोडाक्षरामुळे गुरु झालेला मि. तिन्हींत बेरीज दोनच. शिन्नोसुकेचा ‘शिन’ तसाच, शि एक आणि न् एक. (जपानी आ, ए, ओ देवनागरीत दीर्घ दिसले तरी एकच मात्रा धरायची.) टीव्हीमुळे आपल्याकडे ‘शिनचॅन’ रूढ झालंय, त्यातला ॅ इंग्रजीच्या वाटेने आला. उच्चार ‘चान’, च ‘चार’मधला, ‘चमचा’तला नव्हे.

हे ‘चान’ म्हणजे ‘सान’चं बोबडं रूप. सान आलं ‘सामा’वरून. म्हणजे मुळात आदरार्थीच. आपण गणेशचा ‘गण्या’ करतो तेव्हा आदर काढून जवळीक साधतो. तिथे आदराचाच प्रत्यय बोबडा करून लाड होतो. प्रत्यय मुळीच न लावता हाक मारणं ही एकतर फार जवळीक किंवा सरळ उद्धटपणा.

मुलग्यांना आणि हाताखालच्यांना ‘कुन’. पण जपानच्या संसदेत अध्यक्ष सगळ्याच सदस्यांना ‘कुन’ म्हणत आलेत. 1993 मध्ये ताकाको दोइ कनिष्ठ सभागृहाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि त्या ‘सान’ म्हणू लागल्या.

आता त्या जोडप्याबद्दल. आईबाप दोघे भारतीय, म्हणजे जपानी कुटुंबनोंदणीत पोरीचं नाव जाणार नाही. उद्या ते तिकडे राहायला गेले तरी नाव रोमनमध्ये नाहीतर काताकानात लिहितील, कांजीचा प्रश्नच येत नाही. तेव्हा बर्फ धरा नाहीतर सुख धरा, अडवणारं कोणी नाही. फक्त ‘यु’ आखूड ठेवायला सांगा. ‘यूकी’ म्हटलं तर जपानी माणूस बहुधा मुलगाच समजेल.