जलरंगातलं चित्र वाळल्यावर सपाट दिसतं. टोन, म्हणजे फिक्या-गडदपणाच्या पायऱ्या, कसे पक्के करायचे?

नवाकुंचला: वाईजवळच्या मेणवलीच्या नदीकाठच्या घाटाचा फोटो समोर ठेवून काढतेय. ओलं असताना छान वाटतं, वाळलं की सगळं एकाच धुरकट करड्यात. काळा मिसळला तर चिखल होतो. कागद जाड, ३०० जीएसएमचा आहे.

ओलाकागद: कागदाचा दोष नाही. जलरंग वाळताना फिका पडतो आणि पेन्स ग्रे (निळसर गडद करडा) तर जास्तच. म्हणून ओला असताना ‘जरा जास्तच झाला’ वाटेल इतका गडद लावा.

आधी एकाच रंगाची पट्टी करा. ३-३ सेंमीचे ५ चौकोन, पहिला कोरा. वाटाण्याएवढा सेपिया (गडद तपकिरी) थोड्याच पाण्यात दाट कालवून पाचवा भरा. उरलेल्यातला अर्धा दुसऱ्या वाटीत, त्यात तेवढंच पाणी: हा चौथा. असंच मागे या. वाळल्यावर शेजारच्या दोन चौकोनांत फरक दिसत नसेल तर गडद बाजू पुन्हा करा. बहुतेकांचं तिथेच अडतं. पाचवा म्हणून जो लावतात तो जेमतेम तिसरा असतो.

सावलीवाला: पट्टीवर फार रेंगाळू नका. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीनच टोनमध्ये घाट काढा. डोळे किलकिले करून बघा. आकाश आणि पायऱ्यांचे उन्हातले माथे कोरे सोडा. बाकी सगळं, पायऱ्यांच्या उभ्या बाजू, झाडं, पाणी, एकाच मधल्या वॉशने (पातळ रंगाच्या सलग थराने) जोडून टाका; वस्तूंच्या कडा पाळू नका. तो वाळला की तिसऱ्या, सगळ्यात गडद टोनने दारांचे पोकळ भाग आणि झाडाखालचा अंधार.

वस्तूचा रंग आठवून टोन ठरवू नका. सावलीतली पांढरी भिंत उन्हातल्या करड्या दगडापेक्षा गडद असू शकते.

ओलाकागद: पटलं. रंगात जाताना एक लक्षात ठेवा: लेमन यलो कितीही दाट लावला तरी गडद होत नाही. खोल सावलीला अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) मिसळा, काळ्याची गरजच नाही.

नवाकुंचला: दुसरा वॉश देताना खालचा सुटून वर येतो, त्याचं काय?

सावलीवाला: कागद अजून ओलसर असतो. हाताची मागची बाजू टेकवा. गार लागला तर थांबा. मग भरलेला मोठा ब्रश एकदाच फिरवा, घासू नका. तीन थर पुरेत. चौथा लागतोय म्हणजे पहिले दोन पाणचट होते.