वळचण, पागोळी आणि ‘परिसरानुरूप’

प्रश्न
‘वळचण’ आणि ‘पागोळी’ हे शब्द अनेकदा एकाच अर्थाने लिहिलेले दिसतात. फरक काय? शिवाय जागेचा पाऊस, ऊन, माती बघून बांधलेल्या इमारतीला ‘परिसरानुरूप’ म्हणणं बरोबर आहे का?

प्रतिसाद १
वळचण ही जागा, पागोळी हे पाणी. छपराचं पाखं, म्हणजे उतरती बाजू, आढ्यापासून (माथ्याच्या तुळईपासून) उतरत भिंतीच्या बाहेर येतं, त्या बाहेर आलेल्या भागाखालची जागा म्हणजे वळचण. कौलांच्या टोकावरून पडणारी धार ती पागोळी. बहुधा अनेकवचनी, ‘पागोळ्या गळताहेत’. काही भागांत छपराच्या कडेलाच पागोळी म्हणतात, घोळ तिथून होतो. ‘सत्तेच्या वळचणीला’ हा प्रयोगही अचूक आहे. वळचणीला उभा असलेला माणूस घरातला नसतो, पण भिजत नाही.

प्रतिसाद २
ही जागा किती खोल हवी, ते पाऊस ठरवतो. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतो, तोही नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका. ओळंब्यापासून, म्हणजे सरळ उभ्या रेषेपासून, ३० अंश कललेली सर असेल तर ९० सेंटिमीटरची वळचण कडेखालची सुमारे १५५ सेंटिमीटर भिंत कोरडी ठेवते. सर ४५ अंशांवर गेली की फक्त ९०. म्हणून जुन्या घरांची कड इतकी खाली आणलेली की पडवीत शिरताना मान वाकवावी लागते. भिंतीचा जांभा दगड सच्छिद्र. त्यावर झड बसत राहिली की तो पाणी पितो, आतला गिलावा फुगून सुटतो. पागोळ्यांचे शिंतोडे जोत्यावर उडतात, तेव्हा धारेच्या रेघेत दगड बसवून बाहेर ढाळ द्यावा.

प्रतिसाद ३
सोलापूर-मराठवाड्याकडच्या माळवदाला, म्हणजे मातीच्या सपाट छपराला, वळचण जवळपास नसतेच, आणि ते तिथे योग्यच आहे. पाऊस कमी, ऊन भयंकर. तुळयांवर लाकूड पसरून वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते. पाणी पन्हाळातून (बाहेर काढलेल्या नळीतून) लांब फेकायचं. पावसाळ्याआधी माती पुन्हा चोपली नाही आणि वर गवत माजलं, की मुळांच्या वाटेने गळती सुरू होते. हेच माळवद रत्नागिरीत एक पावसाळा काढणार नाही.

प्रतिसाद ४
माझी हरकत ‘परिसरानुरूप’मधल्या ‘रूप’ला आहे. अनुरूप म्हणजे साजेसं, हे मान्य. पण ऐकणारा रूपच धरून बसतो. मग उतरता स्लॅब टाकून त्यावर कौलं चिकटवतात, कड भिंतीशी सपाट छाटतात आणि त्याला ‘कोकणी घर’ म्हणतात. पहिल्याच पावसात खिडकीच्या चौकटीतून ओल येते. कौलं आली, वळचण राहूनच गेली!

मी ‘स्थलसापेक्ष’ म्हणेन. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांची मुंबईतली कांचनजंगा ही उंच निवासी इमारत (१९८३) बघा. समुद्र आणि वारा पश्चिमेला, पण संध्याकाळचं ऊन आणि पावसाची झडही तिकडूनच. त्यांनी कोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल गच्च्या कोरून खोल्या आत घेतल्या. जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याचं काम तिथे होतं, एकही कौल नसताना.

प्रतिसाद ५
‘स्थलसापेक्ष’ पटला. मग खिडकीवरच्या काँक्रीटच्या छज्जाला वळचण म्हणायचं का?

प्रतिसाद ६ (प्रतिसाद ४ लिहिणाऱ्याचाच)
पाणी भिंतीपासून तोडत असेल तरच. छज्जाच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, साधारण १० ते १२ मिलिमीटरची सलग खोबणी लागते. ती नसेल तर थेंब खालच्या पृष्ठाला चिकटून सरकत सरकत भिंतीपर्यंत जातो. बऱ्याचदा खोबणी ठेवलेली असते, पण रंगाच्या वेळी लांबीने (पुट्टीने) भरून टाकतात. कौलाच्या टोकाला ती लागत नाही. पाखं उतरतं असतं, त्यामुळे थेंबाला मागे यायचं तर वर चढावं लागेल. म्हणून तिथे पागोळी पडते, इथे ओघळ येतो.