मंदीत लिलावातून चित्र घ्यावं का? पहिलीच वेळ आहे

मुलुंडकरीण:
नमस्कार मंडळी. मी चित्रकार नाही, कलेचं शिक्षणही नाही. ऑफिस फोर्टात, त्यामुळे डबा लवकर संपला की जहांगीरला एक चक्कर, एवढंच भांडवल. यंदा इन्क्रिमेंट नाही. नवऱ्याच्या कंपनीत तर अख्ख्या दोन टीम घरी पाठवल्या. अशात मला एका ऑनलाइन लिलावाच्या कॅटलॉगमध्ये वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावाचं एक जलरंगातलं चित्र दिसलंय. साल १९५८, चित्रकार जे.जे.त शिकवायचे. (नाव मुद्दाम लिहीत नाही, इथलाच कुणीतरी बोली लावायला यायचा.) एस्टिमेट, म्हणजे त्यांनी छापलेला किमतीचा अंदाज, ६० ते ८० हजार. तीन वर्षांपूर्वी त्यांचंच एक चित्र सव्वा लाखाला गेलेलं जुन्या निकालांत सापडलं. माझ्याकडे बाजूला टाकलेले १ लाख आहेत. स्वस्त मिळतंय तर घेऊन टाकू का? ८० हजारांपर्यंत गेले तर हातातून नक्की किती जातात? नवरा म्हणतो, त्यापेक्षा सोनं घे.

कांदिवलीचा_हिशेबनीस:
ताई, ८० हजारांना हातोडा पडला म्हणजे ८० हजारांत सुटलात असं नाही. वर बायर्स प्रीमियम, म्हणजे घेणाऱ्याकडून लिलाववाले घेतात ते कमिशन, ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, २० टक्के धरा: १६ हजार. चित्रावर जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून १२ चा ५ टक्के झालाय, म्हणजे ४ हजार. प्रीमियमवर १८ टक्क्यांनी २,८८०. झाले १,०२,८८०. घरपोच आणण्याचा खर्च वेगळा. तुमच्या लाखात बसायचं तर ७५ ला थांबा, ते ९६,४५० पर्यंत जातं. शेवटच्या दोन-तीन मिनिटांत कुणी बोली लावली की वेळ पुढे सरकते, तेव्हा 'आणखी एकदाच' करत माणूस वाहवतो. आणि बिल जपून ठेवा. २००७ च्या बजेटपासून चित्र हे घरगुती वापराच्या वस्तूंत धरत नाहीत, पुढे विकून नफा झाला तर कर आहे.

गिरगावकर_६८:
हिशेबनीसांचं गणित बरोबर. मी दुसरीकडून सांगतो.

मी बँकेत होतो, बरीच वर्षं सोनेतारणाला. लिलाव म्हणजे माझ्या लेखी न सोडवलेल्या पाटल्या नि गोफ. तिथे वजन लिहिलेलं, कस लावलेला, भाव पेपरात. तरी काउंटरच्या आतून एक गोष्ट कळायची: भाव सोन्यावर ठरतो, पण खाली किती येतो ते समोरच्याच्या घाईवर.

२००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २१ हजारांवर होता, ऑक्टोबरात साडेआठ हजारांवर आला. २००९ च्या फेब्रुवारीत मी दोन वस्तू घेतल्या. एक, तेव्हा ज्याच्या नावाचा गवगवा होता अशा तरुण चित्रकाराचं सही केलेलं सेरिग्राफ (जाळीच्या पडद्यातून छापलेली प्रत), ४० हजारांना. दोन वर्षांपूर्वी तेच सव्वा लाखाला मागत होते, म्हणून मी खूश. दुसरं, एका विस्मृतीत गेलेल्या ड्रॉइंग मास्तरांनी कोळशात काढलेली कोळीण, ९ हजारांना. टोपलीचा कान धरलेली तिची बोटं इतकी जाड आहेत की आधी वाटलं, मास्तरांचा हात घसरला. मग भाऊच्या धक्क्यावर जाऊन बघितलं. घसरला नव्हता.

२०१३ ला मंडळींच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. म्हटलं सेरिग्राफ काढू. एका लिलाववाल्यांनी ठेवून घेतलं. म्हणाले, योग्य सेल पाच महिन्यांनी. फोटोचे पैसे आधी, विकलं तर कमिशन. रिझर्व्हपर्यंत, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही अशा ठरलेल्या किमतीपर्यंत, कुणी पोचलंच नाही. चित्र घरी परत आलं ते फ्रेमचा कोपरा उडवून. शेवटी एका दुकानदाराला १२ हजारांत दिलं. ऑपरेशन तोवर एफडी मोडून झालं होतं.

याच मधल्या काळात, जून २०१० ला, चित्रकार रझांचं 'सौराष्ट्र' लंडनला क्रिस्टीजमध्ये १६ कोटींवर गेलं. पेपरांत आलं, कलाबाजार सावरला. सावरला असेल, माझं सेरिग्राफ त्या बाजारात नव्हतं.

मंदीत चांगल्या चित्राचा मालक ते भिंतीवरून उतरवतच नाही, त्याला थांबणं परवडतं. बाजारात येतं ते दोन तऱ्हेचं. एक, जे कुणालाच नकोय. दुसरं, ज्याच्या मालकाला थांबता येत नाही: वाटण्या, आजारपण, देणी, फ्लॅट रिकामा करायचाय. पहिलं घेतलंत तर माझ्यासारखं होईल. तुमचं दुसऱ्यातलं आहे का ते शोधा. कॅटलॉगमध्ये प्रॉव्हेनन्स, म्हणजे चित्र कुणाकडून आलं ते, काय लिहिलंय? नुसतं 'खासगी संग्रह' की चित्रकाराच्या घरून आलंय? आणि सव्वा लाखवालं चित्र केवढं होतं, विषय काय, जलरंगच की तैलरंग? तैलरंग असेल तर ती तुलना सोडा.

प्रीव्ह्यूला जा, लिलावाआधी चित्रं बघायला ठेवतात तिथे. फोनवर सगळीच चित्रं छान दिसतात. आणि हा लाख पुढच्या तीन वर्षांत कशालाही लागणार असेल तर जावईबापूंचं ऐका. सोनं त्याच संध्याकाळी विकता येतं.

मुलुंडकरीण:
काका, गेले होते. प्रॉव्हेनन्स: चित्रकाराच्या पुतण्याकडून. सव्वा लाखवालं तैलरंगच निघालं, याच्या दुप्पट! चित्र प्रत्यक्षात लहान आहे, वहीच्या दोन पानांएवढं. पायऱ्या, पाणी, एक बाई पितळी कळशी विसळतेय, आणि कळशीवर रंगच नाही, कोरा कागद तसाच सोडलाय, तोच चमकतो. मी बराच वेळ तिथेच उभी होते. कागदावर वर चार-पाच तांबूस ठिपके आहेत. आणि आकाशाला वरच्या काठाला बोटभर गडद निळी पट्टी, खाली सगळं राखाडी. ढग असतील का?

लालबागचा_फ्रेमवाला:
ढग नाहीत हो. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, झाकलेला भाग तेवढा निळा राहिला, बाकीचा निळा उजेडानं उडाला. माउंट जरा घसरला म्हणून तुम्हाला पट्टी दिसली. मूळ आकाश त्या पट्टीसारखं होतं. आमच्याकडे खिडकीसमोर टांगलेली अशी चित्रं खूप येतात. ठिपके म्हणजे आपल्या पावसाळ्याची देणगी, ते जाणकाराकडून कमी होतात. स्वतः ब्रेडचा गोळा नाहीतर खोडरबर घेऊन पुसत बसू नका. कागद-संवर्धन करणाऱ्याकडेच द्या, छत्रपती शिवाजी महाराज म्युझियमचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. पण उडालेला रंग कुणीही परत आणू शकत नाही. चित्राच्या अवस्थेचा कंडिशन रिपोर्ट मागवा आणि फ्रेम उघडून मागची बाजू दाखवा म्हणा. मागे प्लायवूड असेल तर त्याचं आम्ल कागदात उतरलेलं असतं. कागद फळीला डकवलेला असेल तर किंमत आणखी उतरवा.

मुलुंडकरीण:
उघडून दाखवलं. प्लायवूडच आहे, पण डकवलेलं नाही. मागे पेन्सिलनं 'स. ७' लिहिलंय, सकाळचे सात असावेत. मी ५० ठरवलेत, एक पैसा वर नाही.

कांदिवलीचा_हिशेबनीस:
५० चे ६४,३०० होतात. लिहून ठेवा.

मुलुंडकरीण:
काल रात्री झालं. दुसरा कुणीतरी ४० वर थांबला, माझी ४५ सगळ्यांत वर. पण स्क्रीनवर आलं, रिझर्व्ह गाठला गेला नाही. रात्रभर वाईट वाटत होतं. आज सकाळी त्यांचाच फोन: मालक ५५ ला द्यायला तयार आहेत, आजच कळवा. नवरा म्हणतो, पाच हजारांनी काय होतंय, घे. (सोन्याचं नाव काढत नाहीये, त्याला फोटो दाखवला होता.) काय करू?

गिरगावकर_६८:
'आजच' हा शब्द कुणाचा, त्यांचा ना? मग घाई कुणाला आहे ते कळलं. पुतण्याकडे ते चित्र परत गेलं तर तो ते परत त्याच खिडकीसमोर लावणार, आणि पुढच्या सेलला पुन्हा पाच महिने. ४५ च सांगा. उडालेलं आकाश आणि प्लायवूड दोन्ही मेलमध्ये लिहा, भांडू नका. सोमवारपर्यंत स्वतःहून फोन करू नका. त्यांचा आला तर ५० पर्यंत जा, तुमचाच आकडा आहे तो.